माळ्यावरची वार्तापत्रं आणि सभासदांच्या कुरबुरी

परळची आमची जुनी खोली पुनर्विकासासाठी रिकामी करायची होती, म्हणून मागच्या महिन्यात माळा उतरवला. पाण्याच्या पिंपामागे वडिलांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत सुतळीने बांधलेले वार्तापत्रांचे 31 अंक, सायक्लोस्टाईल केलेले, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलमधून शाई उतरवून छापलेले, फुलस्केप कागदावरचे, कडा पिवळ्या पडलेल्या.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि त्या दशकाच्या अखेरीस 'चिमणराव' मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या आणि शेजारच्या चाळीतल्या लोकांनी मिळून चाहत्यांचं एक मंडळ काढलं होतं आणि वडील त्याचे चिटणीस होते. मालिका संपल्यावरही मंडळ 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा' अशा कार्यक्रमांवर चर्चा करत राहिलं. हे सगळं मला ऐकून माहीत होतं. वाचलं मात्र आत्ता पहिल्यांदा.

पहिल्या तीन पानांवर सभेचा वृत्तान्त, जमाखर्च, कलाकारांविषयी चार ओळी. चौथं पान 'सभासदांचे म्हणणे'. ते पान मी दोन रात्री जागून वाचलं. "अंक तिसरा मिळाला नाही, चौथा दोनदा मिळाला." "सभा दरवेळी परळलाच का? बोरिवलीच्या माणसाने घरी किती वाजता पोचावे?" "चिं. वि. जोशींच्या गोष्टीतला प्रसंग मालिकेत निराळा दाखवला, त्यावर मंडळ गप्प कसे?" "माझे पत्र अर्धेच छापले, आणि छापले तेही मवाळ करून." प्रत्येक तक्रारीखाली वडिलांचं उत्तर आहे. कुठेही टाळाटाळ नाही. बोरिवलीकरांना त्यांनी लिहिलंय, "आपले म्हणणे बरोबर आहे. पुढील सभा दादरला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर."

माणूस ज्यावर जीव लावतो त्याविषयीच इतकं बारकाईने तक्रार करतो, असं मला ही पानं वाचताना सारखं वाटत होतं. मुंबईत अशी मंडळं आणखीही असणार. तुम्ही कुणी अंक काढला असेल, घडी घालून पाकिटात भरला असेल, चिडून पत्र लिहिलं असेल, तर इथे लिहा. मोठं लिहा, घाई नाही.

गिरगावहून

तुमच्या वडिलांच्या मंडळाची मी नव्हे, पण अशाच एका मंडळाच्या स्टेन्सिल मी सहा वर्षं कापल्या. फोर्टात एका कचेरीत मराठी टंकलेखिका होते. अंकाची स्टेन्सिल मात्र घरी, भाड्याने आणलेल्या मशीनवर, रात्रीची जेवणं झाल्यावर.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रिबन बाजूला सारायची, म्हणजे नुसता खिळा मेणकागदावर आपटतो आणि अक्षर कापलं जातं. जोर कमी पडला तर छपाईत अक्षर फिकं येतं. जोर जास्त झाला तर 'ठ', 'व', 'ध' यांच्या पोटातला कागद गळून पडतो आणि तिथे शाईचा काळा ठिपका उमटतो. चूक झाली की लालसर द्रव ब्रशने लावायचा, फुंकर घालून वाळवायचा आणि पुन्हा टाइप करायचं. त्या द्रवाचा उग्र वास घरभर राहायचा. सासूबाई खिडकी उघडून ठेवायच्या, पण एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत.

आमच्या सभासदांत ठाकुरद्वारचे एक निवृत्त शिक्षक होते. दर अंक ते तांबड्या शाईने तपासून परत पाठवायचे. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, आणि प्रत्येक काळ्या 'ठ'भोवती गोल. पहिल्या दोन वेळा मला रडू आलं. दिवसभर कचेरीत तेच काम, रात्री पदरचा वेळ घालून पुन्हा तेच, आणि वर हा तांबडा कागद! तिसऱ्या वेळी मी त्यांना पत्र लिहिलं की छापल्यावर चुका दाखवून उपयोग नाही, आधी येऊन बघा. ते आले. रविवारी सकाळी तीन जिने चढून यायचे, स्टेन्सिल खिडकीच्या उजेडात धरायचे आणि भिंगातून ओळ न ओळ वाचायचे. चार वर्षं एक रविवार चुकला नाही. अंक 22 पासून पुढचे अंक बघा म्हणावं कुणालाही, एक चूक सापडायची नाही. मला त्याचा आजही अभिमान आहे.

विलेपार्ल्याहून

आमचं वेड वेगळं होतं. 1980 च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानावरची अमेरिकी मालिका लागायची. मी आठवीत होतो. अमेरिकेतल्या आत्तेभावाने तिथल्या एका चाहता-क्लबची जुनी वार्तापत्रं पाठवली, पाठपोट छापलेली, कोपऱ्यात स्टेपल मारलेली. त्यातूनच मला कळलं की मूळ मालिका 1966 ते 1969 अशी तीनच वर्षं चालली, भाग 79, आणि दुसऱ्या वर्षानंतर ती बंद पडणार अशी आवई उठल्यावर चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला होता. 1 मार्च 1968 ला भाग संपल्यावर वाहिनीला पडद्यावरून जाहीर करावं लागलं की मालिका चालू राहील.

पण मला धरून ठेवलं ते पुढच्या तक्रारींनी. तिसऱ्या वर्षी मालिका शुक्रवारी रात्री दहाला टाकली. ज्यांच्यासाठी ती होती ती कॉलेजची मुलं शुक्रवारी रात्री घरी कुठली असायला! ज्यांनी पत्रं लिहून मालिका वाचवली त्यांनाच ती बघता येईना. दहा-बारा वर्षांनंतरच्या अंकांतही लोक त्यावर कळकळून लिहीत होते. पार्ल्याच्या गॅलरीत बसून मला ते दुःख अगदी जवळचं वाटलं, कारण आमची क्रिकेटची मॅच नेमकी रविवारी सकाळी ठेवलेली असायची.

मग आम्ही तिघांनी चार पानांचा अंक काढला. हाताने लिहायचा आणि झेरॉक्स काढायची. वाचक सतरा. दुसऱ्याच अंकाला वर्गातल्या एका मुलीचं पत्र आलं: "सगळी पानं स्पॉकवर. यान चालतं कुणामुळे? स्कॉटीवर एक ओळ नाही." तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तिसरा अंक पूर्ण तिने लिहिला आणि तोच आमचा सगळ्यात चांगला अंक.

दादरहून

मी टपाल खात्यात वर्गवारीला होतो. मंडळात कधी नव्हतो, पण तुमची सगळ्यांची पत्रं माझ्या हातून गेलीत. दूरदर्शनवरच्या 'सुरभि' कार्यक्रमाचे दिवस आठवा, सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे. प्रश्नाचं उत्तर पंधरा पैशांच्या कार्डावर लिहून देशभरातून लोक पाठवायचे. एका आठवड्यात 14 लाखांवर पत्रं आल्याची नोंद आहे. पुढे त्यासाठी दोन रुपयांचं वेगळं स्पर्धा-पोस्टकार्ड निघालं. दिल्लीच्या थैल्या बांधताना हात दुखायचे. कार्ड उघडंच असतं, नजर जाणारच. उत्तराखाली उरलेल्या जागेत लोक बारीक अक्षरात लिहायचे, "आमच्या गावाबद्दल कधी दाखवणार?" त्या ओळी मला विसरता येत नाहीत.

मुलुंडहून

आमचा काळ अलीकडचा. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका 2001 ला अल्फा मराठीवर (आताचं झी मराठी) सुरू झाली तेव्हा आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूला मिळून साठेक जणींचा गट जमला. अंक संगणकावर जुळवायचा, श्री-लिपी या मराठी टंकांच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती. मी खजिनदार. वर्षाला चाळीस रुपये वर्गणी.

कुरबुरी म्हणाल तर खूप. अंक उशिरा येतो, कार्यकारिणीचेच फोटो छापता, मालिकेतल्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, वाक्यांची चौकट का बंद केली. एक पत्र मात्र मी जपून ठेवलंय. मुलुंड कॉलनीतल्या एका बाईंनी वहीच्या पानावर लिहिलेलं:

"मी वर्गणी भरते पण तुमचा अंक मला कळत नाही. तुम्ही धरून चालता की सगळ्यांनी भाग बघितला आहे. मालिका लागते तेव्हा मी पोळ्या लाटत असते. आमच्याकडे नऊ माणसं. मला बाहेरच्या खोलीतून फक्त हसण्याचा आवाज येतो."

सभेत हे पत्र वाचलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही, कारण साठांतल्या निम्म्या जणींचं तेच होतं आणि कुणीच कधी म्हणाली नव्हती. पुढच्या अंकापासून आम्ही महिन्यातल्या सगळ्या भागांची गोष्ट सविस्तर द्यायला लागलो. आबा काय म्हणाले, नातवाने, शिऱ्याने, काय उत्तर दिलं, सगळं. पाळीपाळीने दोघीजणी समोर वही घेऊन बसायच्या. आठ पानांचा अंक बारा पानांचा झाला, वर्गणी पंचावन्न करावी लागली आणि त्यावर मात्र एकही तक्रार आली नाही. रात्रपाळीच्या दोन परिचारिकांनीही त्या पानांसाठी सभासदत्व घेतलं.

त्या बाई पुढे एकदा भेटल्या. म्हणाल्या, दुपारी ओट्यापाशी उभ्या उभ्या अंक वाचते आणि मग रात्री हसण्याचा आवाज आला की कशाला हसतात ते मनात जुळवत बसते.

लालबागहून

परळच्या ताईंना एक विचारायचं आहे. तुमच्या वडिलांच्या मंडळाचा मी सभासद होतो. गिरणीत बदली कामगार. घरी टीव्ही नव्हता, आमच्या मजल्यावर एकाच घरात होता आणि आम्ही दारात उभं राहून बघायचो. 1980 साली मी कार्ड लिहिलं होतं की ज्यांच्या घरी संच नाही त्यांना तीन रुपये वर्गणी जड जाते, निम्मी करावी. ते छापलं नाही. उत्तरही आलं नाही. इतकी वर्षं झाली तरी ते मनात आहे. नंतर मी मंडळात गेलोच नाही. ट्रंकेत ते कार्ड आहे का बघाल?

परळहून, पुन्हा

काका, काल रात्री सगळी ट्रंक पुन्हा उपसली. कार्ड नाही सापडलं. खूप शोधलं, खरंच.

पण वर्गणीची वही आहे. 1980 पर्यंत सगळ्यांपुढे तीन रुपये. 1981 च्या पानावर अकरा नावांपुढे दीड रुपया लिहिलाय, वडिलांच्याच अक्षरात, कारण कुठेही दिलेलं नाही. त्या वर्षीच्या अंकांतही त्याचा उल्लेख नाही. ज्यांच्याकडे संच नाही त्यांची नावं चारचौघांत येऊ नयेत म्हणून त्यांनी छापलं नसावं, असा माझा अंदाज आहे. उत्तर मात्र तुम्हाला मिळायला हवं होतं.

अकरांतली दोन नावं लालबागची आहेत. त्यातल्या एकापुढे पैसे जमा नाहीत, नुसतं पेन्सिलीने लिहिलंय, "येऊन भेटणे". इथे नाव लिहू नका. तुमची खोली कितव्या मजल्यावर होती तेवढं सांगा, वहीत तेही आहे.