अनुभव धागा: बीडीएसचा (दातांच्या डॉक्टरकीचा) अभ्यास झेपेल, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

घरात सध्या हाच एक विषय. लेकीचे नीटचे मार्क एमबीबीएसला पुरणार नाहीत, बीडीएसला पुरतील असं दिसतंय. फी किती, पुढे दवाखाना चालेल का, यावर समस्त नातेवाइकांची मतं देऊन झाली आहेत, ती इथे नकोत. मला फक्त अभ्यासाचं विचारायचंय. चार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, हे आपल्याला जमेल असं तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी कसं ठरवलंत? जमलं नाही, सोडून दिलं, असे अनुभवही हक्काने लिहा.
– पेणची_आई

कवळीवाली
एकूण मार्कांवरून काही कळत नाही, ते आले कुठून ते बघा. नीटच्या ७२० पैकी बायोलॉजीचे ३६०, त्यातले साधारण निम्मे बॉटनीचे. बीडीएसला आल्यावर बॉटनीला रामराम. फिजिक्सही जवळपास संपतं, दुसऱ्या वर्षी डेंटल मटेरियल्समध्ये स्ट्रेस-स्ट्रेनच्या रूपाने तोंड दाखवतं तेवढंच. उरतात अकरावीचे मानवी शरीराचे धडे आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, जी बायोकेमिस्ट्रीत परत गळ्यात पडते. माझ्या वर्गात फिजिक्सच्या जोरावर आलेली हुशार मुलं पहिल्या सहामाहीत पार गोंधळली होती.

दुसरं म्हणजे नीटला चारातला एक पर्याय निवडायचा असतो. इथे विषयाला ७० गुणांचा लेखी पेपर, २० तोंडी, १० अंतर्गत. प्रॅक्टिकलचे १०० वेगळे, आणि दोन्हीकडे ५० टक्के हवेतच. माहीत असणं आणि कोऱ्या कागदावर आकृतीसकट लिहिता येणं यात फार अंतर आहे. आमच्या घरी भाच्याची परीक्षा मीच घेतली. एनसीईआरटीतला चेतासंस्थेचा धडा वाच म्हटलं, पुस्तक मिटलं, घड्याळ लावलं आणि एक मोठं उत्तर हाताने लिहायला लावलं. पहिलं अर्धं पान झाल्यावर गाडी अडली. आठवडाभर रोज एक लिहिलं, तेव्हा सुधारलं. मला तो सुधारला हेच महत्त्वाचं वाटलं, पहिलं पान कसं होतं ते नाही.

मेणकाम
+१. पण सगळे पुस्तकांचंच बोलताय! पहिल्या वर्षी मेणाची कांडी आणि कार्व्हर (कोरायचं हत्यार) हातात देतात आणि वरचा मधला पटाशीचा दात कोरा म्हणतात, मापासकट. मग सुळा, मग दाढा. वरच्या पहिल्या दाढेला टाळूच्या बाजूला कधीकधी एक जास्तीचा छोटा उंचवटा असतो, काराबेलीचा कस्प. तो कोरताना एक घाव जास्त बसला की शेजारचं टोक उडतं आणि नवी कांडी घ्यायची. घासून गुळगुळीत करण्यात संध्याकाळ जाते, सर लांबूनच 'रिपीट' म्हणतात. लेकीला खडू नाहीतर साबणाची वडी द्या, दात कोरून बघू दे. पहिला वाईटच येईल. चिडून फेकून देते की दुसरा खडू घेते, ते बघा.

एडिसनकर
गंमत म्हणजे मेणकाम म्हणतात तेच इथे अमेरिकेत प्रवेशाआधी तपासतात. डॅट म्हणजे इथली डेंटलची प्रवेश परीक्षा, तिच्यात पीएटी नावाचा भाग असतो: ६० मिनिटांत ९० प्रश्न, सगळे कोन, घड्या, वस्तू दुसऱ्या बाजूने कशी दिसेल असे. आमच्या चिरंजीवांचं बायोलॉजी उत्तम, पण पीएटीने घाम फोडला. मार्च २०२५ पासून डॅटचे गुण २०० ते ६०० या मापात देतात, त्यामुळे सीनियर मुलांचे जुने ३० पैकीचे स्कोअर आणि आताचे स्कोअर यांची तुलना करत बसू नका.

इथे पदवी घेता घेता तयारी होते, म्हणून अंदाज घ्यायला सवड मिळते. त्याने मुद्दाम एकाच सेमिस्टरला बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी आणि फिजिक्सची लॅब घेतली. जीपीए (गुणांची सरासरी) थोडा घसरला. मी कुरकुर केली, पण त्याचं म्हणणं होतं की डेंटल स्कूलमध्ये असंच सगळं एकदम अंगावर येणार, मग आत्ताच कळू दे. मला पटलं.

लातूर_पॅटर्न
दहावीपर्यंत मराठी माध्यम. मला भीती इंग्रजीची होती, आणि ती खरी निघाली. तोंडी परीक्षेत कवटी हातात देऊन छिद्रावर काडी ठेवतात: 'यातून काय जातं?' फोरामेन ओव्हेल, त्यातून मँडिब्युलर नर्व्ह, म्हणजे खालच्या जबड्याची नस, हे मला पाठ. पण तिथून सुरुवात करून खालच्या दाढेपर्यंत सलग इंग्रजीत बोलायचं म्हटलं की ततपप. यावर एकच इलाज लागू पडला, रूममेटला रात्री जेवणानंतर मोठ्याने शिकवायचं. तो वैतागायचा, पण त्याचाही विषय निघाला.

तिसऱ्या वर्षी ओपीडीत मात्र पारडं फिरलं. आजी सांगतात, 'रात्री आडवं झालं की दाढ ठणकते', किंवा कुणी म्हणतो, 'गार पाणी क्षणभर झोंबतं, मग काही नाही.' पहिल्यात आतली नस बहुतेक वाचण्यापलीकडे गेलेली, दुसऱ्यात अजून आशा. केस हिस्टरी घेताना कॉन्व्हेंटवाले माझ्याकडे बघायचे.

वाचनमात्र_होतो
मी घेतलं नाही. सीट मिळत होती. पण ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन बसायचो तेव्हा दुसऱ्याच्या तोंडात इतक्या जवळून बघायचं मला नकोसं व्हायचं, आणि शरीररचनेचं पुस्तक उघडलं की झोप. बी.फार्म. केलं. औषधांची रसायनं वाचायला आवडायची, तीच वाचत राहिलो. एमबीबीएस हुकलं म्हणून बीडीएस, एवढंच कारण असेल तर लेकीला एकदा नीट विचारा. (रागावू नका.)

पेणची_आई
रागावले नाही, विचारलं. 'दात आवडतात का माहीत नाही, पण कोरायला आवडेल' म्हणाली. @कवळीवाली, झूलॉजी आणि बॉटनीचे मार्क उत्तरतालिकेवरून वेगळे काढले तर चालतील ना? आणि @लातूर_पॅटर्न, मोठ्याने शिकवायला घरी मीच आहे, मला त्यातलं काही कळलं नाही तरी चालेल का?

लातूर_पॅटर्न
उलट बरं, काकू. प्रत्येक वाक्याला 'म्हणजे काय' विचारत राहा.