मदत हवी आहे: जुनी एमपीएफआय गाडी तापली की हलक्या ॲक्सिलेटरवर अडखळते

घाटंजीकर
२००४ ची पेट्रोल गाडी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर). सकाळी ठीक चालते. दहा-बारा किलोमीटर झाले की पॅडल हलकं दाबल्यावर क्षणभर दबते आणि मग झटका देऊन उचलते. पाय पुरता दाबला तर नीट पळते. आयडलिंग थोडं वरखाली. काळा धूर नाही, चेक इंजिनचा दिवा नाही. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर नवे टाकले, फरक नाही. मिस्त्री म्हणतात पंप बदला. गावात स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) नाही, यवतमाळला जावं लागेल. त्याआधी मल्टिमीटर लावून काय तपासता येईल?

बारातेराचा पाना
भाऊ, पंपाला सध्या हात लावू नका. पंप कमजोर असता तर पुरतं दाबल्यावर, चढावर गाडी आधी मेली असती. तुमची अडचण फक्त पहिल्या पाव पॅडलवर आहे, म्हणून संशय थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर, म्हणजे ॲक्सिलेटर किती उघडलाय ते सांगणाऱ्या सेन्सरवर. त्याच्या आत कार्बनच्या पट्टीवर एक पत्ती घासत फिरते. रोजचं चालवणं याच पाव भागातलं, त्यामुळे पट्टी तिथेच झिजते. पत्ती त्या जागी आली की सिग्नल तुटतो, ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं पाय काढला, आणि पिकअपला लागणारं जास्तीचं पेट्रोल तो देत नाही. दिवा लागत नाही कारण सिग्नल क्षणभरच जातो.

गाडी तापवून आणा, कारण थंड सेन्सर बरेचदा पास होतो. इंजिन बंद, चावी ऑन. सेन्सरला तीन वायरी असतात. कनेक्टरच्या मागून बारीक टाचणी घालून मोजा. वायरीचं रबर टोचू नका, पावसाळ्यात तिथून गंज धरतो. दोन टाचण्या एकमेकींना लागू देऊ नका. एकीवर कायम ५ व्होल्ट, दुसरीवर जवळपास शून्य, उरलेली सिग्नलची. बटरफ्लाय (पॅडल दाबल्यावर उघडणारी हवेची झडप) बंद असताना सिग्नलवर साधारण ०.५ ते १ व्होल्ट, पुरता उघडल्यावर ४ च्या आसपास. खरी गोष्ट मधली आहे: अगदी हळू उघडत न्या, व्होल्टेज कुठेही न पडता चढलं पाहिजे. डिजिटल मीटर मंद असतो, अशी डुबकी त्याच्या नजरेतून सुटते. काट्याचा जुना मीटर मिळाला तर तोच घ्या.

त्याच वेळी एअर पाइप काढून थ्रॉटल बॉडी (बटरफ्लाय बसवलेला भाग) बघा. बटरफ्लायच्या कडेला काळा थर असेल तर कार्ब क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. थेट फवारलं तर ते सेन्सरमध्ये उतरतं. बंद असताना बटरफ्लाय टेकतो तो स्टॉपचा स्क्रू मात्र फिरवू नका.

वणीवाला
मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) रबरी नळाही वाकवून बघा. आपल्या उन्हात तो टोकाला चिरतो. नळा चिरला तर सेन्सरला दाब जास्त दिसतो, पेट्रोल जास्त पडतं, प्लग काळे होतात. तुमचे काढलेले प्लग कोणत्या रंगाचे होते?

घाटंजीकर
प्लग फिकट तपकिरी होते. नळा शाबूत आहे. गरम गाडीवर काट्याच्या मीटरने मोजलं: बंद असताना ०.६, पुरतं उघडल्यावर ४.१. मध्ये १.१ च्या जवळ काटा खाली आपटतो. तीन वेळा केलं, तीनही वेळा तिथेच.

बारातेराचा पाना
मग सेन्सरच गेला. कनेक्टरच्या पिना घट्ट आहेत ना, तेवढं आधी बघा. सेन्सर काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करा. स्क्रूची भोकं लांबट असतील तर नवा त्याच खुणेवर धरून बंद व्होल्टेज ०.६ वर आणा, मग आवळा. नंतर बॅटरीची निगेटिव्ह काही मिनिटं काढून लावा, एसी बंद ठेवून इंजिन पुरतं गरम होईपर्यंत आयडलवर चालू द्या. आयडलिंग तरीही वरखाली राहिलं तर आयडल व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर इंजिनला लागणारी हवा सांभाळणारा) काढून साफ करा.