क्लेम नोंदवला, पण पैसे घेतले नाहीत. विमा कंपनी बदलताना फॉर्मवर काय लिहू?

नमस्कार मंडळी,

कारची पॉलिसी येत्या १८ तारखेला संपतेय. पाच वर्षं एकाच कंपनीकडे आहे आणि एक पैशाचा क्लेम घेतलेला नाही, म्हणजे या खेपेला एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के मिळायला हवा. पण त्यांच्या हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस गाडीच्या नंबरापासून सुरुवात करतो, त्याला कंटाळून कंपनी बदलतोय.

घोळ असा की दोन महिन्यांपूर्वी गाडी मागे घेताना डावा मागचा दरवाजा खांबाला घासला. घाईघाईत क्लेम नोंदवला, सर्व्हेअर फोटोही काढून गेला. रात्री कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, बोनस घालवण्यापेक्षा दुरुस्ती खिशातून केलेली परवडते. सकाळी क्लेम मागे घेतला.

आता नव्या कंपनीचा फॉर्म विचारतो, ‘चालू पॉलिसीत क्लेम घेतला आहे का?’ हो किंवा नाही, मधलं काही नाही. एजंट म्हणतो, ‘नाही’ लिहा बिनधास्त, कोण बघतंय! त्या ‘कोण बघतंय’नेच माझी झोप उडालीय. उद्या मोठा अपघात झाला आणि त्यांनी जुन्या कंपनीकडे चौकशी केली तर?

शिवाय नवा हप्ता बराच कमी आहे खरा, पण कोटेशनमध्ये आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम) खाली आणलाय आणि झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारं जादा कवच) गायब. याला स्वस्त म्हणायचं का?

प्रतिसाद:
चौकशी करतातच, त्यामुळे एजंटचं ऐकू नका. बोनस जातो तो क्लेमचे पैसे मिळाल्यावर, नुसत्या नोंदणीने नाही. जुन्या कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या: क्लेम पैसे न देता बंद झाला आणि एनसीबी किती शिल्लक आहे. ते पत्र जोडून झालेला प्रकार नव्या कंपनीला आधीच कळवा. थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा) दर सगळीकडे सारखाच असतो, तेव्हा आयडीव्ही आणि झिरो डेप जुन्याइतकेच ठेवून कोटेशन परत मागवा, मग खरा फरक दिसेल. आणि १८ तारीख चुकवू नका. खंड पडला की गाडीची तपासणी मागे लागते, ९० दिवस उलटले तर बोनसही जातो.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. जुन्या कंपनीला लगेच ईमेल टाकला. उत्तर आलं, ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.’ अहो, तक्रार कुठे केली होती मी? उद्या शाखेतच जाऊन बसतो.