खारे पाणी रात्रभर ढवळूनही दुधाळ का राहते?

प्रश्न (लातूर)
माझ्याकडे २०० लिटरची सागरी टाकी असून तीत दोन क्लाउनफिश आणि थोडे मऊ प्रवाळ आहेत. दर पंधरवड्याला बदलण्यासाठी मी ४० लिटर खारे पाणी तयार करतो. या वेळी पिंपात आधी दीड किलो सागरी मीठ ओतले, त्यावर स्वयंपाकघरातील आरओचे पाणी सोडले आणि पंप व हीटर लावून रात्रभर ठेवले. रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याचे उपकरण) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार, दिसते, तरीही पाणी दुधाळ आहे, तळाशी पांढरा साका बसला आहे आणि हीटरवर बोअरच्या पाण्याने भांड्यांवर चढतो तसा थर आला आहे. मीठ खराब निघाले असेल का? हे पाणी टाकीत घालावे का?

उत्तर (नांदेड)
मिठाला दोष देण्याआधी क्रम तपासावा. पिंपात आधी सगळे पाणी घ्यावे, पंप सुरू करावा आणि मग मीठ मूठमूठ सोडावे. आपण उलट केल्यामुळे पहिल्या काही लिटरांत सगळे मीठ एकवटले, त्या अतितीव्र द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, तयार झाला आणि तो कितीही ढवळले तरी पुन्हा विरघळत नाही. रिफ्रॅक्टोमीटर एकूण क्षार दाखवतो, त्यामुळे कॅल्शियम आणि कार्बोनेटमधली ही घट त्यावर कळत नाही. अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण, डीकेएच या एककात) आणि कॅल्शियम मोजून पाहा. नैसर्गिक समुद्रात ती अनुक्रमे सुमारे ७ डीकेएच आणि ४१० मिलिग्रॅम प्रति लिटर असतात. शिवाय कॅल्शियम कार्बोनेट साखरेसारखा नाही, पाणी तापले की तो कमी विरघळतो. लातूरच्या उन्हाळ्यात पिंपाला हीटर लावूच नये.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
वरील उत्तराशी सहमत आहे, पण पाण्याकडेही लक्ष द्यावे. घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळणारी कळ बहुधा असते. माझ्या नळाला त्यामुळे ९० टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) येत होता. ती कळ बंद करून पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) जोडल्यावर तो शून्यावर आला. बोअरचे पाणी जड असेल तर आरओची मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) आणि रेझिन लवकर संपतात, म्हणून टीडीएस दर वेळी मोजावा.

उत्तर (बीड)
एक गोष्ट राहिली. स्वयंचलित तापमान समायोजन असलेले बहुतेक रिफ्रॅक्टोमीटर १० ते ३० अंशांपर्यंतच विश्वासार्ह असतात, त्यामुळे मे महिन्यातील दुपारी घेतलेले मोजमाप फसवू शकते. ते सकाळी घ्यावे आणि उपकरण ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवावे. उन्हाळ्यात टाकीतील पाणी उडते, मीठ मागे राहते. ती तूट गोड्या पाण्यानेच भरावी. आणि २०१६ साली रेल्वेने पाणी आलेल्या लातुरात आरओचे वाया जाणारे पाणी सोडून देऊ नये, ही मनापासून विनंती. ते फरशी पुसण्यासाठी वापरता येते.

प्रश्नकर्ता (लातूर)
सर्वांचे आभार. अल्कलिनिटी ५ डीकेएचच्या खाली आली आहे, म्हणून प्रवाळांसाठी हे पाणी वापरणार नाही. आरओची कळ उघडीच होती. उद्या सकाळी हीटरशिवाय नवे ४० लिटर पाणी तयार करतो.