नक्कल म्हणून सोडून देण्याजोगे हे संगीत नाही

ख्मेर रॉक, म्हणजे १९६० आणि ७०च्या दशकांतले कंबोडियातील (ख्मेर भाषेतले) रॉक संगीत, ही अमेरिकी गाण्यांची नक्कल होती, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्याच्या रेडिओवरची गाणी कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हमध्ये ऐकू येत आणि त्यांच्या चाली सर्रास उचलल्या जात, हे खरे. पण सिन सिसामुथ हा राजदरबारी आणि रेडिओच्या वाद्यवृंदातून आलेला गायक होता आणि गायिका रोस सेरेसोथिया हिच्या उंच, टोकदार आवाजातली हरकत ऐकली, की मागे गिटार वाजत असली तरी गळा ख्मेरच आहे हे लगेच कळते. स्वतः गाणी रचणारा सिहानूक कंबोडियाचा राज्यप्रमुख असल्यामुळे या कलावंतांना राजाश्रयही मिळाला. १९७० मध्ये त्याची सत्ता गेल्यावर यादवी पेटली, तरी शहरात गाणे चालूच राहिले.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी ताब्यात घेऊन ती रिकामी केली. सिसामुथ आणि सेरेसोथिया दोघेही त्या राजवटीतून परतले नाहीत.

पण गोष्ट इथेच संपत नाही. बचावलेल्या तबकड्यांवरून परदेशातील निर्वासितांनी कॅसेटी काढल्या, तेव्हा काहींवर नव्याने ड्रम मशीनचा ठेका चढवण्यात आला, त्यामुळे मूळ ढोलकियाचा हात त्याखाली दबून गेला. १९९६ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका संग्रहावर तर गायकांची नावेच नव्हती. (गाणी वाचली, श्रेय हरवले!) म्हणून यूट्यूबवर ऐकताना ठेका फारच यांत्रिक वाटला, तर दोष १९६०च्या दशकातील वादकांना देऊ नये.