मुलगा विचारतो, "बायबलमध्ये मोबाइल गेमबद्दल कुठे लिहिलंय?"

इंदूरची_आई

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आम्ही सुदामा नगरला राहतो. चर्चमधली उपासना हिंदीत असते, घरची प्रार्थना मात्र मराठीत. सासूबाई महाराष्ट्रातल्या अहमदनगरच्या, आणि मी लग्न होऊन आल्यापासून रात्री नऊची कौटुंबिक प्रार्थना कधी चुकलेली पाहिली नाही. मुलगा नववीत आहे. त्याला तो शंभर जणांचा खेळ लागलाय. विमानातून उड्या मारायच्या, एकमेकांना गोळ्या घालायच्या, शेवटी जो उरेल तो जिंकला.

परवा सासूबाई प्रार्थना करत होत्या आणि माझी नजर त्याच्या हातांकडे गेली. फोन टेबलावर पालथा ठेवलेला. हात जोडलेले, डोळे मिटलेले. पण डावा अंगठा उजव्या हाताच्या बोटांवर गोल गोल फिरत होता, पडद्यावर फिरतो तसाच. त्याला स्वतःला ते कळतही नव्हतं. मी आमेन म्हणायचं विसरले.

गेल्या महिन्यात माझ्या यूपीआयमधून कधी 89, कधी 449, असे 11 वेळा मिळून 2,059 रुपये गेले. कशासाठी, तर बंदुकीला नवा रंग आणि खेळातल्या माणसाच्या अंगात नवा कोट. पिन मीच सांगितला होता, भाजी आणायला पाठवायचे म्हणून. रागावले, तर म्हणाला, "बायबलमध्ये मोबाइलबद्दल कुठे लिहिलंय? दाविदाने तर गल्याथला खरोखर मारलं, मी खोटंखोटं मारतो."

मला उत्तर सुचलं नाही. फोन काढून घेतला की दार लावून बसतो, जेवत नाही. त्याचे बाबा पीथमपूरला कंपनीत, आठवडा आठवडा दुसरी पाळी. काय करू, सांगा.

संडेस्कूलचे_मास्तर

ताई, सलाम. बत्तीस वर्षं संडे स्कूल घेतली, म्हणून अधिकाराने नाही पण आपुलकीने लिहितो.

मुलाने दाविदाचं नाव काढलं हे मला आवडलं. म्हणजे तो ऐकतो. त्याला पुढची गोष्टही सांगा. दावीद म्हातारा झाला, देवासाठी मंदिर बांधायची त्याची फार इच्छा होती, आणि देव म्हणाला, तू नाही. तुझ्या हातून पुष्कळ रक्त सांडलं आहे, तुझा मुलगा शलमोन बांधेल. बायबलमधलं पहिले इतिहास हे पुस्तक, अध्याय 22. दाविदाने ही गोष्ट स्वतःच्या तोंडाने मुलाला सांगितली. खऱ्या लढाईची सुद्धा देवाने एवढी नोंद ठेवली. मग मारण्याची करमणूक करायची की नाही, हे त्याला स्वतःलाच ठरवू द्या. लगेच उत्तर मागू नका.

खेळ हे पाप आहे असं मी म्हणणार नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलं की मला सगळ्याची मोकळीक आहे, पण मी कशाच्याही अधीन होणार नाही. तुमच्या मुलाचा अंगठा मिटल्या डोळ्यांनीही फिरतो, तेव्हा कोण कोणाच्या अधीन आहे ते दिसलंच.

आता एक कडू बोलतो. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना सांगितलंय की या वचनांविषयी मुलांशी बोला: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. या चारही वेळी आज घराघरात हातात काय असतं? मुलाच्याच नाही, आपल्याही. माझं घर यातून सुटलेलं नाही. नातू समोर बसलेला असतो आणि मी सकाळी आलेली वचनं पुढे पाठवत असतो.

नर्सताई_ग्वाल्हेर

मास्तरांचं पटलं, पण तब्येतीकडेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत गेमिंगचा विकार आहे, ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण खूप खेळतो म्हणून लगेच आजारी म्हणत नाहीत. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असून खेळतच राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, असं पाहतात. तुमचा मुलगा तिथवर गेलाय असं इथे बसून मी म्हणू शकत नाही. झोप किती होते, शाळेत काय चाललंय, मित्र घरी येतात का, ते बघा. जेवण सोडणं, दार लावणं वाढलं तर 14416 वर फोन करा. टेली मानस, सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र. प्रार्थना करा आणि फोनही करा. विश्वास कमी पडला म्हणून डॉक्टरकडे जातात, असं आपल्या मंडळीत अजून कोणी कोणी म्हणतं, त्याचं मला फार वाईट वाटतं.

तरुणसंघ_बडोदा

काकू, मी तीन वर्षं हेच खेळलोय. एक गोष्ट मोठ्यांना माहीत नसते. ही मॅच मध्येच थांबवता येत नाही. चार जणांची टीम असते, एक सामना अर्धा तास चालतो, आणि नऊच्या ठोक्याला उठलो की बाकीचे तिघं कानात शिव्या देतात. म्हणून "आत्ताच्या आत्ता ठेव" म्हटलं की भांडण ठरलेलं. "ही शेवटची, मग ये" म्हणून बघा. रोज उघडलं तर रोज बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटते, ही रचनाच सोडू न देण्यासाठी आहे. 2020 मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा आम्ही आठवड्याभरात दुसऱ्या खेळावर गेलो. 2025 चा कायदाही पैसे लावून खेळायच्या खेळांसाठी आहे, बंदुकीचा रंग विकत घेणं त्यात येत नाही. तेव्हा पिन बदला, आजच.

मला कुणी रागावून सोडवलं नाही. पाळकसाहेबांनी चर्चचा साउंड सांभाळायला दिला. रविवारी पावणेआठला पोचायचं म्हणजे शनिवारी रात्री झोपावंच लागायचं.

इंदूरची_आई

सगळ्यांचे आभार. पिन त्याच दिवशी बदलला. मास्तर, तुमचं वाचून मी माझ्या फोनचा वेळ काढून पाहिला: दिवसाला चार तास दहा मिनिटं. मुलाला दाखवला. तो काही बोलला नाही, पण बराच वेळ बघत राहिला. आता रात्री माझाही फोन सासूबाईंच्या खोलीत असतो.

दाविदाची पुढची गोष्ट सांगितली. "मग शलमोनाला का दिलं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, आपण मिळून वाचू.

काल प्रार्थना नऊला नाही, नऊ वीसला झाली, त्याची मॅच संपल्यावर. सासूबाई घड्याळाकडे बघत होत्या, पण थांबल्या. मग त्यालाच स्तोत्र 23 वाचायला दिलं. शाळेत सगळी हिंदी, त्यामुळे ळ त्याच्या जिभेवर येतच नाही. "परमेश्वर माझा मेंढपाल आहे." आजी म्हणाली, मेंढपाळ. त्याने पुन्हा म्हटलं, पुन्हा मेंढपाल. तिसऱ्यांदा जमलं. मी त्याच्या हातांकडे पाहत होते. दोन्ही अंगठ्यांनी त्याने पान दाबून धरलं होतं.