'जोकर' पडला, 'विदूषक' पडला. मग कौतुक कशाचं करायचं?

उंबरकर

परवा शनिवारी 'मेरा नाम जोकर' पुन्हा पाहिला. तुकड्यातुकड्यानं नाही, सलग. चार तासांहून मोठा, दोन मध्यंतरांचा सिनेमा. पहिल्या मध्यंतराला चहा झाला, दुसऱ्याला बायको "तुझं चालू दे" म्हणून झोपायला गेली, आणि 'जीना यहाँ मरना यहाँ' लागलं तेव्हा घरात मी एकटाच जागा होतो.

१९७० साली हा सपाटून आपटला हे सगळ्यांना माहीत आहे. राज कपूरनं जवळजवळ सहा वर्षं आणि होतं नव्हतं ते त्यात घातलं होतं. सावरला तो तीन वर्षांनी, 'बॉबी' आल्यावर.

आता माझं म्हणणं. पहिला भाग, शाळेचा, अगदी बावनकशी आहे. पोरगा राजू (ऋषी कपूर, याच कामासाठी त्याला बालकलाकाराचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं), त्याच्या मेरी टीचर, आणि टीचरचं लग्न दुसऱ्याशी होताना त्या पोराच्या चेहऱ्यावर जे येतं ते. बोलायची सोय नाही, रडायची तर नाहीच. पुढे सर्कशीत आई जाते आणि आत तंबूत लोक हसायला बसलेले असतात, तो प्रसंगही अजून पोटात कालवतो. तिसऱ्या भागात मात्र माझाही धीर सुटला, कबूल.

तरी मी म्हणतो, या सिनेमाचं कौतुक व्हायला हवं. "बिचारा पडला" अशा सुरात नाही, मान ताठ ठेवून. स्वतःची गोष्ट, स्वतःचा चेहरा, स्वतःचा पैसा, सगळं एका खेळावर लावणारा माणूस रोज जन्माला येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

उंबरकर, लिहिलंय छान, पण पटलं नाही. मोदकाला एकवीस पाकळ्या काढायचा हट्ट धरला आणि सारण पाण्यात गेलं, तर पानात काय पाकळ्या वाढणार?

पडलेल्या सिनेमाचं कौतुक आपण पन्नास वर्षांनी करतो, सोफ्यावर बसून, मध्ये चहा घेऊन. ज्यानं तेव्हा तिकीट काढलं त्याला विचारा. आणि "स्वतःची गोष्ट सांगितली" हा गुण कधीपासून झाला? लग्नाच्या पंगतीत शेजारी बसणारे काकाही स्वतःचीच गोष्ट सांगतात.

मध्यंतर_नको

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

कात्रीवाली

एक गैरसमज आधी काढून टाकूया. 'जोकर' लांबीमुळे पडला असं सरसकट म्हणतात. मग १९६४ चा 'संगम' काय होता? तोही चार तासांच्या आसपास, त्यालाही दोन मध्यंतरं, आणि धो धो चालला. तोच दिग्दर्शक, तोच नायक, संगीतही शंकर-जयकिशन यांचंच. प्रेक्षक चार तास बसायला तयार होता. बसवता आलं पाहिजे.

मी संकलन करते (सिनेमाचं नाही, जाहिरातींचं; हसू नका), त्यामुळे मला यात दुसरंच दिसतं. तो जोकरचा बाहुला आठवा. राजू तो जीव लावलेल्या बाईला देतो आणि तो फिरून त्याच्याकडेच येतो. पहिल्यांदा परत येतो तेव्हा गलबलतं. दुसऱ्यांदा येतो तेव्हा आपण मान डोलावतो. तिसऱ्यांदा आपल्याला आधीच माहीत असतं, आणि लक्ष घड्याळाकडे जातं. तीन बायका, तीन भाग, पण दुःख एकच, आणि ते पहिल्याच भागात पुरतं सांगून झालेलं. पहिला भाग थोडा कमी चांगला असता तर पुढचे दोन खपून गेले असते असंही मला कधीकधी वाटतं.

म्हणजे दोष प्रेक्षकाचा नाही, काळाचा नाही, बांधणीचा आहे. 'जोकर' लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास. 'बॉबी' लिहिणारेही तेच, सोबत आपले व्ही. पी. साठे. त्याच हातांनी तीन वर्षांत घट्ट विणलेला सिनेमा दिला. मग सैल विणीचं कौतुक का करू?

उंबरकर

कात्रीवाली ताई, बाहुल्याचा मुद्दा मानला. आता तो सिनेमा मला पहिल्यासारखा दिसणार नाही, यासाठी आभार मानू की भांडू ते कळत नाहीये.

पण 'बॉबी' शेवटी गिऱ्हाईक ओळखून बांधलेला सिनेमा. 'जोकर'मधली आई वारल्याची रात्र 'बॉबी'त कुठे आहे?

पिटातली

हिंदीवरच चाललंय म्हणून मराठीतलं एक. 'एक होता विदूषक', १९९२. जब्बार पटेल दिग्दर्शक, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे, गाणी ना. धों. महानोर, संगीत आनंद मोडक. आणि सोंगाड्याच्या भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे! कागदावर यादी वाचली तरी छाती दडपते.

मी तेव्हा सातवीत. तालुक्याच्या गावी थेटरात वडिलांसोबत गेले. बाहेर सगळे 'लक्ष्या'ला बघायला आलेले. 'अशी ही बनवाबनवी' होऊन चारच वर्षं झाली होती, त्यामुळे तो पडद्यावर आला की पिटातून शिट्ट्या. तो काही बोलायच्या आत लोक हसायला लागायचे. मग हळूहळू लोकांच्या लक्षात यायला लागलं की हा आज हसवायला आलेला नाही. तमाशाच्या फडातून सिनेमात, सिनेमातून राजकारण्यांच्या दावणीला, आणि पुढे घरी न हसणाऱ्या पोरीसमोर बसलेला बाप. आमच्या पुढच्या रांगेतला एक जण जोरात म्हणाला, "आरं लक्ष्या, कर की कायतरी!"

त्यावर थेटर हसलं. त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा तोच. आणि पडद्यावरच्या सोंगाड्याचं रडगाणं तरी दुसरं काय होतं? लोक त्याच्याकडून एवढंच मागतात, कर की कायतरी.

सिनेमा चालला नाही. बेर्डे पुन्हा विनोदी भूमिकांकडे गेले. मी आजही म्हणते, माझ्या वडिलांच्या पिढीतल्या शंभर चाललेल्या सिनेमांपेक्षा हा एक पडलेला मला जवळचा आहे.

हिशेबनीस

थांबा, थांबा. दोन वेगळ्या गोष्टी एका टोपलीत टाकताय. 'विदूषक'ला त्या वर्षीच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना नृत्यदिग्दर्शनाचं मिळालं. तो गल्ल्यावर पडला. सिनेमा म्हणून पडला असं कोण म्हणतं? चांगल्या पण न चाललेल्या सिनेमाचं कौतुक मीही करतो, त्यात वाद कसला? वाद आहे तो ज्याचं कामच फसलं त्याचा. "झेप मोठी होती हो" म्हणून त्याला हार घालायचा का, एवढाच प्रश्न आहे.

पिटातली

हिशेबनीस दादा, इथेच तर गोम आहे. मी मोठी झाल्यावर 'विदूषक' पुन्हा पाहिला. फडातला भाग जिवंत आहे, ढोलकीची थाप अंगावर येते. पण राजकारणाचा भाग मला पातळ वाटला. पुलंचं वाक्य असतं, टाळी घेण्याजोगं असतं, पण प्रसंग त्या वाक्यासाठी ताटकळलेला असतो. 'सिंहासन' करणाऱ्या दिग्दर्शकाकडून राजकारण असं वरवरचं यावं याची चुटपुट लागली. म्हणजे पारितोषिक मिळालं तरी थोडा फसलेला आहेच. पूर्ण फसलेला आणि पूर्ण जमलेला अशी दोन खणांची मांडणी मला जमत नाही.

कात्रीवाली

+१, पिटातली. (मी मागच्या प्रतिसादात उलट बोलले होते, माहीत आहे.)

तिरीप

मी कॅमेरा विभागात प्रकाशयोजनेचं काम करतो, म्हणून थोडं आमच्या बाजूनं. 'कागज के फूल', १९५९. भारतातला पहिला सिनेमास्कोप (रुंद पडद्याचा सिनेमा). तेव्हा साफ पडला, आणि त्यानंतर गुरुदत्तनं दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कधी लावलं नाही.

'वक्त ने किया' या गाण्यातला उन्हाचा झोत सगळ्यांनी पाहिलाय. तो दिव्याचा नव्हे. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओबाहेर मोठा आरसा ठेवला, त्यावरचं ऊन आत उंचावर लावलेल्या दुसऱ्या आरशावर घेतलं, आणि तिथून खाली सोडलं. सूर्य सरकतो, म्हणजे आरसाही सरकवत राहायचा. ज्यानं हे कधी केलंय त्याला कळेल की ढग आला की काय होतं. अख्खं युनिट हात बांधून वर बघत बसतं.

ज्या निर्मात्याला हिशेब कळतो तो म्हणतो, "दिवा लाव आणि पुढे चल." हा झोत अशा माणसाच्या सिनेमात सापडत नाही. आज आम्ही शिकवताना तीच फ्रेम दाखवतो, त्या वर्षीच्या गल्लाभरू सिनेमाची नाही.

हिशेबनीस

म्हणजे झोत चांगला होता. मग झोताचं कौतुक करा! मूर्तींना दादासाहेब फाळके पारितोषिक मिळालं, अगदी योग्य. सिनेमाचा मधला कंटाळवाणा भाग त्या उजेडात का लपवता?

तिरीप

लपवत नाही. पण झोत हवेत लटकत नसतो. त्या बाईनं आणि त्या पुरुषानं त्या रिकाम्या स्टुडिओत समोरासमोर उभं राहायला कुणीतरी एवढा सिनेमा रचावा लागतो.

तंबूवाल्याचा_नातू

बराच वेळ वाचतोय. आता बोलतो, आणि मी हिशेबनीसांच्या बाजूचा आहे.

आमच्या तात्यांचा (आजोबा) टुरिंग टॉकीजचा तंबू होता. सातारा भागात फिरायचा, पुसेगावच्या जत्रेला हमखास. जमिनीवर बसायचं, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बसायचं. मागच्या बाजूचे लोक सगळं उलटं बघायचे आणि तक्रार करायचे नाहीत.

सत्तरच्या दशकात तात्यांनी एक भव्य म्हणून गाजावाजा झालेला सिनेमा मिनिमम गॅरंटीवर (चालो न चालो, वितरकाला ठरलेली रक्कम द्यायचीच) उचलला. नाव सांगत नाही. शहरात पडला म्हणून भावात मिळाला, जत्रेत चालेल असा अंदाज. पण सिनेमा साडेतीन तासांचा. साध्या कापडाचा तंबू, उजेड असेपर्यंत पडद्यावर काही दिसायचं नाही. नेहमीच्या सिनेमाचे रात्रीत दोन खेळ व्हायचे, याचा एकच. म्हणजे गल्ला निम्मा आणि गॅरंटी पुरी. त्यात वितरकाचा प्रतिनिधी रिळांच्या पेट्यांबरोबर मुक्कामाला, त्याचं जेवण आमच्याकडे, आणि तिकिटं मोजायलाही तोच.

दुसऱ्या रात्री लोक मधूनच उठून पाळण्यांकडे गेले. तिसऱ्या रात्री तात्यांनी दोन रिळं वगळली. प्रतिनिधीला दहा रुपये देऊन गप्प बसवलं. रिळं वगळली तरी एकाही माणसानं विचारलं नाही की मधलं काय झालं. त्या जत्रेत माईंच्या (आजी) पाटल्या गेल्या त्या परत आल्या नाहीत.

उंबरकर, "होतं नव्हतं ते लावलं" असं तुम्ही राज कपूरबद्दल लिहिलंत. त्याला सावरायला पुढचा सिनेमा तरी होता. खाली जे लावतात त्यांच्या नावाची पाटी पडद्यावर येत नाही.

उंबरकर

यावर काय बोलू? मघापासून तीनदा लिहून खोडलं.

तिरीप

नातू, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण एक सांगतो. माझे स्वतःचे पैसे दोनदा बुडाले. दोन्ही वेळा हलकेफुलके विनोदी सिनेमे होते, वीस-बावीस दिवसांत उरकलेले, कसली झेप नाही की काही नाही. बुडवणाऱ्याला स्वप्न लागत नाही.

मध्यंतर_नको

हे खरंय. आमच्या नाट्यमंडळाचा खजिनदार आठवला.

कात्रीवाली

रिळं वगळण्यावरून आठवलं. 'जोकर'चीही पुढे कापून छोटी केलेली प्रत थेटरात आणली होती. कापल्यावर सिनेमा सुधारला का? मला विचाराल तर कात्री लांबीला लागते, बाहुला तिसऱ्यांदा परत येतो त्याला लागत नाही.

नातू, राहवत नाही म्हणून विचारते, धंद्याची खोड आहे. तात्यांनी कुठली दोन रिळं काढली? कशावरून निवडली?

तंबूवाल्याचा_नातू

मधली, लागोपाठची. तात्यांनाही मी हेच विचारलं होतं. म्हणाले, त्यात गोष्ट काही पुढे जात नव्हती. एक म्हातारी घर सोडून जायला निघते. गाठोडं बांधते, चूल सारवते, दाराला कडी घालते, पुन्हा कडी काढून आत जाते. कोण काही बोलत नाही, गाणं नाही. जत्रेतल्या माणसाला काय करायचंय ते?

जत्रेची शेवटची रात्र. खेळ सुटला, माणसं पांगली, प्रतिनिधी झोपला. तात्यांनी मशीनवाल्याला घरी पाठवलं आणि ती दोन रिळं स्वतः चढवून रिकाम्या तंबूत पाहिली. बाकी नुकसानीबद्दल माई कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. पण त्या रात्री मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या फुकट जाळल्या, हे त्या तात्यांना शेवटपर्यंत ऐकवत होत्या.